आत्याचा कंदील आणि न दाखवलेले रीळ

सत्तरच्या दशकात हिंदीत जे दुय्यम भयपट निघाले, ज्यांची नावे आज ते काढणाऱ्यांनाही आठवणार नाहीत, त्यांपैकी एकाविरुद्ध माझी जुनी तक्रार आहे आणि ती मी अद्याप मागे घेतलेली नाही. चित्रपट सुमार होता, हा तक्रारीचा मुद्दा नाही. तो आमच्या गावाला अपूर्ण दाखवण्यात आला, हा आहे.

मी त्या काळी भंडाऱ्याच्या कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस होतो आणि राहायला मोहाडीला होतो. धान कापून झाले की आमच्या बाजाराच्या पटांगणावर फिरत्या टॉकीजचा तंबू पडे. त्या वर्षी त्यात हा चित्रपट लागला. पडक्या हवेलीतून, धुरातून, पांढऱ्या लुगड्यातली एक बाई हातात कंदील घेऊन येते आणि जो तिला पाहतो तो मरतो. सगळा चित्रपट हेच. शेवटच्या रिळात मात्र उलगडा होतो की ती जिवंत बाई आहे आणि हवेलीच्या मुनिमाने वारसांना पळवून लावण्यासाठी तिला कोंडून हे करायला लावले आहे.

हे रीळ आम्हाला दाखवलेच गेले नाही. कारण तंबू आधी चिखल्याला होता. तिथल्या खाणकामगारांनी उलगडा पाहताच तंबूचे दोर कापले. "भुताचं तिकीट घेतलं होतं, मुनीम काहून दाखवता?" असा त्यांचा सवाल होता. मालकाने धडा घेतला. मोहाडीत बाई विहिरीत उतरली की पडद्यावर अंधार होई, दिवे लागत आणि लोक भेदरून घरी जात.

लोकांच्या भित्रेपणाशी मला काही कर्तव्य नव्हते. पण आमच्या घरी माझी विधवा आत्या होती. आम्ही विणकर. आत्या कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, धागा काढी. व्यापारी कोसे देई, ती ते उकळून, मांडीवर वळून सूत परत देई, आणि त्यावरच ती स्वतःच्या हिमतीवर जगे. उकळत्या कोशांचा वास फार उग्र असतो, म्हणून तिची भट्टी वस्तीबाहेर, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावर होती. दिवेलागणीला ती तिथून परते. पांढरे लुगडे, हातात कंदील, मागे भट्टीची वाफ. पुढचे सांगायला नको.

आठवड्याभरात तिच्या वाटेवरून बाया फिरकेनाशा झाल्या. मग व्यापाऱ्याने कोसे देणे थांबवले. मी जाब विचारायला गेलो.

"मी काई म्हनत नाई, भाऊ," तो म्हणाला. "पन लग्नाचं लुगडं ईनाले सूत पायजे आन् गिऱ्हाईक इचारते, धागा कोनाच्या हातचा होय?"

"ती तुम्हाला वीस वर्षांपासून सूत देते आहे."

"तवा हा सिनेमा नोयता आला."

या युक्तिवादाला उत्तर देण्याचा मी आजवर प्रयत्न करतो आहे.

मी कायद्याच्या मार्गाने गेलो. प्रमाणित चित्रपट संपूर्ण दाखवणे हे परवान्याचे बंधन आहे. अपूर्ण चित्रपट पूर्ण म्हणून दाखवणे ही प्रेक्षकाची फसवणूक आहे. आणि प्रस्तुत प्रकरणी तिचा उपसर्ग एका निरपराध स्त्रीच्या उपजीविकेस पोहोचला आहे. असा अर्ज केला, स्मरणपत्रे धाडली, स्मरणपत्रांचीही स्मरणपत्रे धाडली. अखेर वरून तंबी आली आणि एका बाजाराच्या दिवशी मालकाने रडत-कढत ते रीळ लावले. व्यापाऱ्याला मी स्वतः नेऊन शेजारी बसवले. बाईने तोंडावरची राख पुसली, मुनिमाला बेड्या पडल्या, फौजदाराने सगळे खुलासेवार सांगितले. मी व्यापाऱ्याकडे पाहिले.

"अर्जनवीस," तो हळूच म्हणाला, "तुमच्या अर्जात लई ताकद हाय. सरकारनं भुताची बाई करून देल्ली."

त्याला वाटले, सगळ्यांनाच वाटले, की खरा शेवट विहिरीचाच. हा नवा शेवट माझ्या अर्जामुळे कचेरीने जोडायला लावला. मागे कोणी तरी म्हणाले, "आता आत्याचा बी एक अर्ज करून टाक म्हना." तंबूभर हशा पिकला. चार महिने मी ज्या सत्यासाठी लेखणी झिजवली, ते माझ्याच सहीमुळे खोटे ठरले.

घरी येऊन मी अपिलाचा मसुदा घेतला. आत्या दारात उभी होती.

"तुहा कागद झाला ना लिहून?"

"अजून वरची कचेरी आहे."

"राहू दे बाप्पा. आता मी जाते."

दुसऱ्या दिवशी तिने कोशांवाचून भट्टीवर नुसतेच पाणी उकळले आणि दिवेलागणीला ती तिथून घरी आली नाही. तशीच, वाफेत भिजलेली, हातात कंदील घेऊन व्यापाऱ्याच्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिली. बोलली काही नाही. त्याने आतून कोशांचे पोते आणून पायरीवर ठेवले आणि दार लावून घेतले. त्यानंतर तिला काम कधी कमी पडले नाही. उलट निवडक कोसे येऊ लागले आणि तिच्या सुताला कोणी खोट काढेना.

मी तिला म्हणालो, हे बेकायदेशीर नसले तरी अयोग्य आहे. ती म्हणाली, "मी कोनाले काई म्हनलं का?" म्हटले नव्हते, हे मला मान्य करावे लागले.

पुढे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पुतण्याने भाड्याने व्हिडीओ आणला आणि कॅसेटींत नेमका तोच चित्रपट निघाला. आत्याने तो तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पदर तोंडाशी धरून, एकटक. शेवटचे रीळ सुरू झाले, बाईने राख पुसली, तशी घरभर निराशा पसरली.

"काका, बंद करू का?" पुतण्या म्हणाला. "पुढं नुसते पोलीस हायेत."

"संपूर्ण चालू दे."

"कायले?" आत्या म्हणाली. "बरी चालली होती बाई. आता तिले कोन काम देईन?"

ती उठली, खुंटीवरचा कंदील घेतला आणि भट्टीकडे निघाली. रस्त्यावर तोवर विजेचे खांब आले होते, कंदिलाची गरज नव्हती. समोरच्या ओट्यावर व्यापाऱ्याचा मुलगा पत्ते खेळत बसला होता. तो पत्ते टाकून आत गेला.

मुले पांगली. मी खुर्ची पुढे ओढली आणि फौजदाराचा खुलासा शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकला. कोणी तरी तो ऐकणे आवश्यक होते.