भिंतीवरची सावली

काल एका हॉलात माझ्या बायकोचे सिनेमे दाखवले. ती मेल्यावर आठवण झाली लोकांना. जिवंत होती तेव्हा उसन्या कॅमेऱ्यावर, डोकी भादरून गिटार बडवणाऱ्या पोरांचे सिनेमे काढायची, आणि ते बघायला कुत्रं फिरकायचं नाही. जे यायचे ते "ह्यात गोष्ट कुठंय, बाई?" म्हणत उठून जायचे. काल तेच टाळ्या पिटत होते. मेलेलं माणूस सगळ्यांना गोड लागतं, कारण ते काही मागत नाही.

मी शिकलेला नाही, मला तो सिनेमा आजही कळत नाही. मी तिला बघायला गेलो होतो. पण ती कायम कॅमेऱ्यामागं. सगळ्यांना दाखवत बसली, स्वतः कुठंच नाही. मग एका ठिकाणी, गाणाऱ्या पोरांच्या मागच्या उन्हातल्या भिंतीवर तिची सावली पडली. डोळ्याला कॅमेरा, कोपर बाहेर काढलेलं. तीच.

शेजारचा तरुण हसला. "बघा आजोबा, कॅमेरावाल्याची सावली आली. नवशिके लोक!"

"कॅमेरावाला नव्हे रे," मी म्हणालो, "बायको माझी."

तो "सॉरी" म्हणाला. तोवर भिंतीवर नुसतं ऊन उरलं होतं.