भोंग्याची कवळी

सायकली दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला अख्खी गल्ली भोंगा म्हणायची, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. दर शुक्रवारी संध्याकाळी तो दुकानातल्या सायकली भिंतीच्या हुकांना टांगायचा, फरशीवरचं ग्रीस भुसा टाकून पुसायचा, बाकडी मांडायचा आणि हात खसाखसा धुऊन ट्रंपेट उचलायचा. ड्रमवर पोस्टमन, पियानोवर शाळेतल्या संगीताच्या बाई. मग जॅझ सुरू. शेजारीपाजारी पोराबाळांसकट यायचे. जागा नाही मिळाली तर टायरांच्या चळतीवर बसायचे.

बायकोला मात्र हे संगीत पचलं नव्हतं. दाराशी चहा देता देता ती म्हणायची, "सूर घरातून नीट निघतात, मग कुठे उंडारायला जातात देव जाणे!"

"परत येतात ना पण?"

"येतात. भूक लागली की."

साठी उलटल्यावर त्याचे पुढचे दात हलायला लागले. ट्रंपेटचा सगळा जोर ओठांवर आणि ओठांमागच्या दातांवर. म्हणून तो दुखणं अंगावर काढत राहिला. शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दात काढले आणि कवळी बसवली. "जेवायला काही त्रास होणार नाही," त्या म्हणाल्या. जेवणाचं विचारलं कुणी होतं?

पुढच्या शुक्रवारी वाजवताना उंच सुराला ओठ दगा देऊन गेले. नुसती फुस्स हवा निघाली. त्याने ट्रंपेट खाली घेतलं, तशी कवळी सुटून ड्रमवर टणकन आपटली. लोक हसले. पोस्टमनही हसला, पण भोंग्याचं तोंड पाहून त्याने मान खाली घातली.

ट्रंपेट कपाटावर गेलं. शुक्रवारी तो बाकडी मांडायचा, पण वाजवायची वेळ झाली की बाहेर कुणाच्या तरी सायकलीचं चाक फिरवत बसायचा. रोज सकाळी मागच्या खोलीत चालणारा रियाजही बंद पडला. घर मुकं झालं.

एके दिवशी बायकोने विचारलंच. "वाजवत का नाही तुम्ही?"

"वरचे सूर लागत नाहीत."

"मग खालचे वाजवा."

"नुसते खालचे? त्यात काय राम?"

"म्हणजे खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी! अहो, त्या वरच्या सुरांनी माझं डोकं उठायचं. खालचे आवडायचे, पण तुम्ही तिथे कधी थांबलात?"

"तू ऐकत होतीस?"

"न ऐकून करते काय? भिंत ती केवढीशी आपली!"

ती स्टुलावर चढली, ट्रंपेट काढलं, फडक्याने पुसलं आणि त्याला घेऊन थेट दवाखान्यात गेली. "कवळी जेवायला नको," तिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "फुंकायला हवी." त्या बिचाऱ्या आधी गोंधळल्या, मग त्यांनी चक्क खुर्चीत बसवूनच त्याला फुंकायला लावलं. बाहेर थांबलेले पेशंट दारातून डोकावू लागले. कवळी थोडी थोडी घासून, पुन्हा पुन्हा लावून बघितली, तेव्हा कुठे ती जागची हलेना.

मग पुन्हा सकाळचा रियाज. ओठ सुजायचे, सूर घोगरा निघायचा. बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "कालचा बरा होता!" पुढे ती काही म्हणेनाशी झाली, गॅस बारीक करून ऐकायची.

उन्हाळा संपता संपता तो परत उभा राहिला. "एकच वाजवीन, हळू," त्याने पियानोवरच्या बाईंना सांगितलं. त्यांनी पट्टी खाली घेतली. पोस्टमनने काठ्या ठेवून मऊ वाजणारे तारांचे ब्रश उचलले. भोंगा मोजकेच सूर वाजवत होता, मध्ये थांबत होता. सुरांची चढण आली की ती बाईंवर सोडायचा आणि पलीकडे त्यांना गाठायचा. टाळ्या जरा उशिराच आल्या, पण पुष्कळ वेळ थांबल्या नाहीत.

बायको दाराशी नव्हती. पुढच्या बाकड्यावर बसली होती, किटली मांडीवर घेऊन. तो जवळ आला तशी ती सरकली.

"कसं झालं?"

"आणखी थोडं चाललं असतं," ती म्हणाली, आणि गार झालेला चहा त्याच्या हातात दिला.