आधी दार लावा

राऊत मॅडम वर्गात आल्या की हजेरी घेण्याआधी पुढचं दार लावून घ्यायच्या आणि कोणाला तरी मागचं उघडायला लावायच्या. उशिरा येणाऱ्याला वळसा घालून मागून यावं लागे. "आधी दार लावा, मग बाकीचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाई जरा विक्षिप्तच आहेत, असं आमच्या बारावीच्या वर्गाचं एकमत होतं.

इन्सुलिनचा धडा आला त्या दिवशी उलगडा झाला. मॅडम वटार गावातल्या आपल्या वाडीतून सोनचाफ्याच्या पुड्या पिशवी भरून घेऊन आल्या आणि त्यांनी खिडकीजवळच्या बाकांवर मांडल्या. "हा वर्ग म्हणजे स्वादुपिंडातली एक पेशी. पुढचं दार पोटॅशियमचं. एरवी ते उघडं असतं, पोटॅशियम बाहेर झिरपत असतं. आता साखर आत आली. पेशीनं ती जाळली, शक्ती तयार झाली. ती शक्ती काय करते? पुढचं दार लावते!" दाराशी उभ्या पोरांना त्यांनी आत ढकललं आणि दार धाडकन लावलं. आत गर्दी झाली, ढकलाढकली सुरू झाली. "आतला विद्युतभार बदलला! उघडा मागचं दार!" व्हरांड्यात उभी केलेली पोरं कॅल्शियम होऊन आत घुसली, आणि ती घुसताच खिडकीजवळच्यांनी पुड्या बाहेर भिरकावल्या. "हे इन्सुलिन," मॅडम म्हणाल्या. प्राचार्य तक्रार घेऊन आले, तर त्यांच्याही हातात एक पुडी ठेवली.

दिवाळीनंतर मी वाळत गेले, घटाघटा पाणी पिऊ लागले आणि एक दिवस थेट आयसीयूत पोहोचले. टाइप वन डायबेटिस. इंजेक्शनं घेत मी बोळिंजच्या आमच्या फ्लॅटवर परतले, आणि घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. बाबांच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, "इन्सुलिनची सवय लागते, मग सुटत नाही. मी बघा, एका गोळीवर ठणठणीत आहे." बाबांनी त्या गोळ्या आणल्यासुद्धा. सोमवारपासून इंजेक्शन बंद, असं ठरलं. माझे बाबा वाईट नव्हते. रोज सुई टोचून घेणाऱ्या पोरीशी लग्न कोण करणार, ही भीती त्यांना झोपू देत नव्हती.

त्या सोमवारी मी प्रॅक्टिकल संपल्यावर मॅडमना हे सांगितलं. त्यांनी हात धुतले, पर्स उचलली आणि त्या माझ्याबरोबर रिक्षात बसल्या.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, पण हा आमच्या घरचा प्रश्न आहे," बाबा म्हणाले.

"म्हणूनच घरी आले. सावंत, जरा ते दार लावा."

बाबांनी गोंधळून दार लावलं.

"तुमच्या साहेबांची गोळी एवढंच करते. पेशीचं दार लावते, मग पेशी इन्सुलिनच्या पुड्या बाहेर टाकते. लावलंत ना दार? आता टाका पुड्या."

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. "कुठल्या पुड्या?"

"नाहीतच! साहेबांकडे आहेत, म्हणून त्यांना गोळी चालते. मयुरीच्या शरीरानं त्या पेशीच मारून टाकल्यात. कितीही दारं लावलीत तरी बाहेर काय पडणार? यात तिचा दोष नाही, सावंत. तुमचाही नाही."

आई स्वयंपाकघराच्या दारात रडायला लागली. बाबा पुटपुटले, "पण आयुष्यभर?"

"जेवता तेही आयुष्यभरच ना?" मॅडमनी खुर्ची ओढली आणि बंद दाराला पाठ लावून बसल्या. "तिच्या आत्ताच्या इंजेक्शनची वेळ झाली आहे. ती टोचून घेतल्याशिवाय मी उठत नाही."

बाबांनी पुष्कळ समजावलं, थोडा आवाजही चढवला. मॅडम हलल्या नाहीत. शेवटी बाबांनीच फ्रिजमधून इन्सुलिन काढून माझ्या हातात दिलं. मी टोचून घेतलं. तेव्हा कुठे मॅडम म्हणाल्या, "आता मला चहा चालेल."

पुढे मी बीएस्सी केलं, नोकरीला लागले. मॅडम भेटल्या की कशी आहेस विचारण्याआधी "टोचलंस का?" विचारायच्या. लग्नात स्टेजवरसुद्धा त्यांनी हेच विचारलं, नवऱ्यादेखत!

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. त्यांच्या अंगावर त्यांच्याच वाडीतला सोनचाफा होता. तो वास मला सोसवेना. बाबा मला तिथून बोळिंजला घेऊन आले. अंघोळ करून मी आतल्या खोलीत पडून राहिले. उपाशी माणसालाही इन्सुलिन लागतं, हे मॅडमनीच मला शिकवलं होतं. पण त्या दिवशी मला काहीच नको होतं, जेवणही नको आणि सुईही नको.

बाबा आत आले. आता त्यांचे गुडघे दुखतात. त्यांनी इन्सुलिन माझ्या उशाशी ठेवलं, दार लावलं, खुर्ची ओढली आणि दाराला पाठ लावून बसले.

"टोचून घे," ते म्हणाले. "तोवर मी उठत नाही."