फ्लॉपीवर नसलेला ड्रायव्हर

या सदरात माझं नाव कुणाच्या लक्षात असलंच, तर ते फारशा चांगल्या कारणासाठी नसणार. कुणी लिहिलं, 'दिवे आपोआप गेले', की त्याखाली 'वायरिंग तपासून घ्या' असं लिहिणारा तो मीच. कुणाला जिन्यावर पावलं ऐकू आली, की 'मांजर असेल' म्हणणाराही मीच. भूत, आत्मा, शक्ती यातलं मी काहीही मानत नव्हतो. आजही 'मानतो' असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण मागच्या उन्हाळ्यात जे झालं ते मी लिहिलं नाही, तर आजवर इथं ज्यांची चेष्टा केली त्यांच्याशी अप्रामाणिकपणा होईल. म्हणून लिहितोय.

मी सुरेश. मूळ गाव वळसंग. सोलापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, वीसेक वर्षं झाली. जुनी मशीन हा माझा खास प्रांत. ज्याला हल्लीची पोरं हात लावत नाहीत, ते माझ्याकडे येतं.

शहराच्या पूर्व भागात अंबादास मास्तर म्हणून चादरींचे डिझायनर होते. तेलुगू घर, तीन पिढ्या विणकामात. मास्तर चादरीची नक्षी कॉम्प्युटरवर काढायचे, मग त्यावरून मागावर लागणारे भोकांचे पुठ्ठे तयार व्हायचे. त्यांचं मशीन इतकं जुनं की यूएसबी नाही, सीडी नाही, फक्त फ्लॉपी. मी कितीदा म्हणालो, मास्तर, नवीन घ्या. ते म्हणायचे, "ह्याला माझा हात कळतो की." फ्लॉप्या घ्यायला दुकानात यायचे तेव्हा तासभर बसायचे. तीन वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेले.

मागच्या मे महिन्यात त्यांची बायको दुकानात आली. आम्ही सगळे तिला पद्माक्का म्हणतो.

"सुरेश, त्यांचं मशीन चालू होईना रे. आतून टकटक वाजायलाय."

हार्ड डिस्कमधून टकटक म्हणजे तिचे शेवटचे दिवस. मी विचारलं, "त्यात काय आहे अक्का?"

"सगळंच तर हाय. सगळी डिझाइनं." मग म्हणाली, "सुजाता मागायली."

सुजाता त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्याला असते, तीसुद्धा डिझाइनचं काम करते. वडिलांच्या नक्ष्या पुन्हा मागावर आणायच्या असं तिच्या मनात होतं. घरातल्या जुन्या चादरी बघून नक्षी उतरवता आली असती, पण अर्ध्याअधिक डिझाइनच्या चादरी घरात नव्हत्याच. ती फक्त त्या डिस्कवर होती.

मी घरी जाऊन मशीन बघितलं. डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला कन्व्हर्टरनं लावली, पण ती ओळखलीच गेली नाही. इतक्या जुन्या डिस्क कन्व्हर्टरला कळत नाहीत, हे नेहमीचंच. त्यांच्याच मशीनमध्ये ती दिसत होती, पण विंडोज सुरू होत नव्हतं. फ्लॉपीवर कॉपी करायचं तर साठ-सत्तर फ्लॉप्या लागल्या असत्या, आणि डिस्क तेवढा वेळ टिकणार नव्हती. एकच रस्ता उरला. मशीनमध्ये नेटवर्क कार्ड बसवायचं, फ्लॉपीवरून मशीन सुरू करायचं आणि केबलनं सगळ्या फाईली लॅपटॉपवर ओढायच्या.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फ्लॉपीवरून सुरू झालेल्या मशीनला नेटवर्क कार्ड म्हणजे काय ते ठाऊक नसतं. त्या कार्डासाठी ड्रायव्हर नावाची एक लहान फाईल फ्लॉपीवर आपल्याला टाकावी लागते. प्रत्येक जातीच्या कार्डाचा ड्रायव्हर वेगळा. चुकीचा टाकला तर 'कार्ड सापडलं नाही' म्हणून गप्प बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात मी फ्लॉपी तयार केली. डब्यातल्या दहांपैकी तीनच धड निघाल्या. त्यातली एक पूर्ण फॉरमॅट केली, त्यावर सुरू होण्याच्या फाईली, एक ड्रायव्हर, फाईल पाठवायचा एक छोटा प्रोग्राम आणि सगळं ओळीनं चालवणारी तीन ओळींची फाईल टाकली. बस्स. एवढंच. हे मी पुन्हा सांगतोय, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. त्या फ्लॉपीवर दुसरं काहीही नव्हतं.

साडेअकराच्या सुमारास पद्माक्काच्या घरी पोचलो. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मास्तरांची खोली रस्त्याकडे, स्वयंपाकघर मागे, मध्ये बोळ. मशीन उघडलं, कार्ड बसवलं, केबल लावली, फ्लॉपी घातली.

'कार्ड सापडलं नाही.'

कार्ड काढून, पुसून, दुसऱ्या खाचेत बसवलं. पुन्हा तेच. एक-दोन सेटिंग बदलून तिसऱ्यांदा... तेच. आणि डिस्कची टकटक वाढलेली. मी अक्काला म्हणालो, "आज राहू द्या. उद्या दुसरं कार्ड आणतो. उगाच डिस्क जाईल."

"जेवून तर जा," ती म्हणाली आणि आत गेली.

मी बंद करणारच होतो. पण हात जातोच ना... म्हटलं, शेवटचं एकदा. रिसेट दाबलं. फ्लॉपीचा दिवा लागला, घरघर सुरू झाली. त्याच वेळी आतून अक्कानं हाक मारली, तेलुगूत. "अन्नम पेट्टिना!" म्हणजे जेवण वाढलंय. तिला हाक मला मारायची होती, पण तोंडातून निघालं तेलुगू. त्या खोलीकडे तोंड करून ती इतकी वर्षं तशीच हाक मारत आली होती, सवयीनं निघालं असणार.

मी "आलो" म्हणायला तोंड उघडलं आणि स्क्रीनवर एक ओळ आली. इंग्रजी अक्षरांत, तेलुगू.

कोंचम आगु.

थोडं थांब. सोलापुरात वाढलेल्या माणसाला एवढं तेलुगू येतं.

माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला सांगू? हा ड्रायव्हर कुणा तेलुगू माणसानं लिहिलाय वाटतं! खरंच. भीती-बिती काही नाही. मग त्याखाली ड्रायव्हरचं नाव आलं, आवृत्ती आली, त्याखाली कार्डाचा बारा अक्षरांचा पत्ता आला आणि लॅपटॉपवर फाईली उतरायला लागल्या. एक, दोन, पाच, अकरा...

मी मोबाईलनं स्क्रीनचा फोटो काढला. कामात मी नेहमी काढतो, नंतर लागतो.

अक्का दारात आली. "अरे, गार होतंय की!"

"अक्का, चाललं! येतायत फाईली!"

ती पुढे आली. स्क्रीन बघितली. तिला इंग्रजी अक्षरं जोडून वाचता येतात, पण सावकाश. ओठ हलत होते.

"हे तू टायपलास?"

"नाही हो. ते आपोआप आलं."

"चेष्टा करू नकोस, सुरेश."

"तुमची शपथ, अक्का."

तिनं खुर्चीच्या पाठीला हात धरला. "जेवायला हाक मारली की हेच म्हणायचे ते. रोज. आन्‌ मग पाऊण तास उठायचे नाहीत. भांडणं व्हायची आमची ह्याच्यावरनं."

मी म्हणालो, "मास्तरांनी मशीनमध्ये कुठंतरी लिहून ठेवलं असेल, ते दिसलं असेल." तिला बरं वाटावं म्हणून नाही. मला तेव्हा तसंच वाटलं होतं.

आम्ही दोघं उभेच होतो. कुणी जेवायला गेलं नाही. पाऊण तासानं शेवटची फाईल आली. दोनशे चौदा फाईली, एकही तुटलेली नाही. मी मशीन बंद केलं आणि कार्ड काढलं.

आणि तिथं माझी चूक माझ्या लक्षात आली. माझ्या ड्रॉवरमध्ये दोन हिरवी कार्डं होती, दिसायला जवळजवळ सारखी. फ्लॉपी मी एका कार्डासाठी बनवली होती आणि घाईत आणलं होतं दुसरं. चिपवरचा नंबरच वेगळा. म्हणजे पहिल्या तीन वेळा एरर आली ती बरोबर होती. चौथ्यांदा चाललं, ते चूक होतं. ते चालायलाच नको होतं.

फोटो बघितला. स्क्रीनवर जे नाव आलं होतं ते माझ्या फ्लॉपीवरच्या ड्रायव्हरचं नव्हतंच. ते या दुसऱ्या कार्डाच्या ड्रायव्हरचं होतं.

फ्लॉपी लगेच तिथंच, मी सोबत नेलेल्या फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालून बघितली. माझ्याच फाईली. माझाच चुकीचा ड्रायव्हर. माझ्याच तीन ओळी. तेलुगू काही नाही.

अक्का माझ्याकडे बघत होती. "काय झालं?"

मी सांगितलं, जेवढं साध्या शब्दांत सांगता येईल तेवढं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पुन्हा लावून दाखव की."

"अक्का, फाईली आल्यात सगळ्या. डिस्कवर उगाच ताण..."

"आता डिस्कचं काय करायचंय? लाव."

मी कार्ड पुन्हा बसवलं, केबल लावली, फ्लॉपी घातली. रिसेटवर बोट ठेवलं तेवढ्यात ती म्हणाली, "थांब," आणि आत गेली. ती कुठं चालली ते मला समजलं. अंगावर काटा आला तो तेव्हा... स्क्रीनवर ओळ आली तेव्हा नाही.

आतून हाक आली. "अन्नम पेट्टिना!" तोच सूर काढायचा प्रयत्न होता, पण आवाज कापत होता.

मी बटण दाबलं. दिवा, घरघर, टकटक.

'कार्ड सापडलं नाही.'

बोळातून विचारलं तिनं, "आलं?"

"नाही, अक्का."

पुन्हा हाक. पुन्हा बटण. चार वेळा केलं आम्ही ते. पन्नाशीचा माणूस मी, दुपारी दीड वाजता एका बाईच्या हाकेला बटण दाबत बसलो होतो. पाचव्यांदा डिस्कनं एक लांब खर्र आवाज काढला आणि फिरायची थांबली. ती नंतर कधीच फिरली नाही.

अक्का बाहेर आली, डोळे कोरडे होते. "बरं," म्हणाली. "हात धू. भाकरी कडक झाली असंल."

आता तुम्ही ज्या शंका काढाल, त्या सगळ्या माझ्या काढून झाल्यात. मशीन फ्लॉपीऐवजी डिस्कवरून सुरू झालं असेल? त्या डिस्कवरच्या सगळ्या फाईलींची यादी त्याच दिवशी लॅपटॉपवर उतरली होती, ती माझ्याकडे आहे. त्यात ना तो ड्रायव्हर, ना ती ओळ. आणि मास्तरांच्या मशीनला आयुष्यात कधी नेटवर्क कार्ड नव्हतं, ते मीच त्या सकाळी पहिल्यांदा बसवलं. मास्तरांना ड्रायव्हर हवाच कशाला? फ्लॉपीवर जुनं काही उरलं असेल? माझा एक मित्र पुण्यात याच कामात आहे. मी त्याला त्या फ्लॉपीची बिट-न्‌-बिट नक्कल पाठवली. त्यानं दोन दिवस खोदून बघितलं. पुसलेलं, उरलेलं, दडलेलं, काहीच नाही. मग त्यानंच विचारलं, "फोटो तूच बनवलास ना?" त्याच्या जागी मी असतो तर हेच विचारलं असतं.

नंतर मी तो बरोबर ड्रायव्हर इंटरनेटवरून शोधून उतरवला. तोवर तो माझ्याकडे कधीच नव्हता. तेच कार्ड बसवून दुसऱ्या जुन्या मशीनवर चालवला. नाव, आवृत्ती, पत्ता... ओळ न्‌ ओळ फोटोशी जुळते. फक्त वरची एक ओळ त्यात येत नाही.

हे मास्तर होते, असं मी म्हणत नाही. मास्तर नक्षीतले बादशहा, पण ड्रायव्हर हा शब्द त्यांना फक्त गाडीचा माहीत होता. मग ते होते म्हणायचं तरी कसं? आणि नव्हते म्हणायचं, तर काय होतं? या दोन्हींच्या मध्ये मी वर्षभर लटकलोय. दुकानात गिऱ्हाईक बोलत असतं आणि मी मनात फ्लॉपीवरच्या माझ्या त्या तीन ओळी पुन्हा पुन्हा वाचत असतो.

आठवडाभरानं सुजाताचा फोन आला. सगळी डिझाइनं उघडली होती. कुठली चादर कुठल्या साली विणली, ते ती सांगत सुटली होती, मध्येच हसत होती, मध्येच आवाज भरत होता. मग एकदम विषय बदलला.

"काका, आईनं मला सगळं सांगितलं. तुम्हाला काय वाटतं? खरं सांगा."

चोवीस तास दुसऱ्यांना 'वायरिंग तपासा' सांगणारा माणूस मी. पोरीला काहीतरी ठाम उत्तर द्यावं, होय तर होय, नाही तर नाही, असं फार वाटलं. दोन्ही उत्तरं तोंडापर्यंत आली, आणि दोन्ही खोटी वाटली.

"फाईली आल्या, बाळ," मी म्हणालो. "कशा आल्या, ते मला माहीत नाही."