आलेखातल्या शेवटच्या रेघा

भांड्यावर भांडं किणकिणलं की अजूनही माझे पाय आधी दाराकडे वळतात. तलासरीजवळच्या पाड्यावर भूकंपाचे धक्के रोजचेच झाले होते, आणि आम्ही इंजिनिअरिंगच्या पोरांनी बनवलेलं कंपनं मोजायचं यंत्र एका घराच्या कोब्यावर बसवत होतो. भर दुपार होती, आत साडीच्या झोळीत बाळ झोपलेलं, त्याची आई अंगणात भात पाखडत होती. यंत्र सुरू केलं आणि थोड्याच वेळात मांडणीवरचे पेले किणकिणले, जमिनीखालून ट्रक जावा तशी घरघर आली. "बाहेर पळा!" सर ओरडले. आम्ही अंगणात येईपर्यंत जमीन थांबली, पण कौलं धडाधड कोसळत होती. "पोर आत हाय माझं!" म्हणत ती आमच्यामधून आत धावली. दारातून नुसता धुरळा येत होता. माझे पाय हलेनात. मग ती बाळाला छातीशी घट्ट धरून बाहेर आली. पुढे आमच्या संशोधनाला बक्षीस मिळालं, यंत्राने त्या दुपारी काढलेला आलेख आज कॉलेजात फ्रेममध्ये आहे. शेवटच्या बारीक रेघा तेवढ्या सरांनी कापायला लावल्या, त्या भूकंपाच्या नाहीत म्हणून. नव्हत्याच, ती तिची धावती पावलं होती.