तात्यांचा सीईए

दवाखान्यात रिपोर्ट ठेवायला कपाट आहे. किस्से ठेवायला जागा नाही, म्हणून ते चहाबरोबर बाहेर पडतात. आणि त्यातले निम्मे एकट्या कळंबच्या तात्यांचे!

तात्यांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. आजार उलटतोय का हे कळावं म्हणून दर तीन महिन्यांनी रक्तातला सीईए तपासायचा. पाचच्या आत असला की बरं. मी दिल्लीत डॉक्टरकी शिकून, गावाकडच्या लोकांचं भलं करायच्या जिद्दीनं नारायणगावात आलेली. पहिल्याच भेटीत तात्यांना आलेख काढून पाऊण तास समजावलं. एकटा आकडा काही ठरवत नाही, सलग वाढतोय का ते बघायचं, वगैरे. शेवटी विचारलं, "काही शंका?"

"हाय ना. ताई, लगीन झालं का तुमचं?"

*

दुसऱ्या रिपोर्टला तात्या पेढे घेऊन हजर.

"ताई, आकडा वाढला! दोनाचा तीन झाला!"

"तात्या, हा कमी असलेला चांगला."

"असं कसं? डेअरीत फॅट वाढली की पाठ थोपटत्यात राव!"

पेढे मी खाल्ले. तीन म्हणजे पाचच्या आतच की! इतक्या वर्षांच्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग.

*

पुढच्या वेळी ते आधी लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून आले, मग रक्त दिलं. आकडा उतरला. गणपतीची कृपा! त्यानंतर साडेचारवर गेला. लॅबची चूक! डॉक्टरचा संबंध येतोच कुठं?

*

एकदा पुतण्यानं भावकीच्या ग्रुपवर टाकलं, "तात्यांचा रिपोर्ट आला." 'तात्यांचा' एवढं दिसल्यावर पुढचं कोण वाचतंय? खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली.

तात्यांनी स्वतः उत्तर दिलं, "आभारी हाय. पण दहाव्याला यायची घाई करू नका."

*

आणि मग आला अडतीस.

मी तात्यांना तातडीनं बोलावलं. सोबत धाकटा भाऊ नामदेव, जन्मात कधी गोळी न घेतलेला पैलवान गडी. मी शब्द जुळवत सांगितलं, "तात्या, आकडा बराच वाढलाय. लगेच स्कॅन करावं लागेल."

तात्या खाली बघत होते. म्हणाले, "ताई, रागवू नका. या खेपेला मला लई भ्या वाटलं. म्हणून माझ्या नावानं याला रक्त द्यायला धाडला. म्हटलं, हा धडधाकट, रिपोर्ट चांगला येईल."

मी नामदेवकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, काढून ठेवायला विसरल्यासारखं.

"आकडा एकटा काही ठरवत नाही," मी त्याला म्हणाले. हे वाक्य मला पाठच आहे. "पण आता तपासणी तुमची करावी लागेल. दुर्बिणीची, आणि स्कॅनसुद्धा."

नामदेवनं मान हलवली. मग भावाच्या कानाशी वाकला, पण खोली केवढीशी!

"दादा, घरी तुझंच वाढलंय म्हणून सांग."

"सांगतो," तात्या उठत म्हणाले. "चल आत. तपासायला कुठं झोपायचं ते मला ठावं हाय, दावतो तुला."