व्रण राहत नाहीत म्हणे!

मावशीची सव्वीस वर्षं अंतर्वस्त्रांच्या कारखान्यात गेली. ब्रेसियरच्या कपाला टक्स, म्हणजे आकार देणाऱ्या चुण्या, घालणं हे तिचं काम. कापड हातात आलं की कुठे किती आवळायचं ते बोटांनाच कळायचं. थाप मारणारं माणूसही तिला तितक्याच चटकन कळायचं. म्हणून तर भाचीने प्लास्टिक सर्जरीच्या क्लिनिकला जाताना तिलाच सोबत घेतलं.

बाळाचं दूध सुटल्यापासून भाचीची छाती ओघळली होती. खाली घाम साचून कातडी सोलवटायची. नवरा चकार शब्द बोलत नव्हता, पण आरशासमोर तिचं तिलाच कसंतरी व्हायचं.

डॉक्टरांआधी सल्लागार बाई भेटली. गुळगुळीत फोटो पुढे सरकवत म्हणाली, "दोन तासांचं काम. व्रण अजिबात राहत नाहीत. जन्मभराची काळजी मिटली."

मावशीचं टाळकंच सरकलं. "अहो, जादा कापड काढायचं तर कापावं लागतं, कापलं की शिवण आलीच. तुम्ही काय डिंकाने चिकटवता? आणि हिला अजून मूल हवंय का, ते विचारलंत?"

भाची खाली बघू लागली. दुसरं मूल हवं होतं. विचारलं कोणीच नव्हतं.

आरडाओरडा ऐकून डॉक्टर आले. त्यांनी कागदावर चित्र काढलं: स्तनाग्राभोवती एक रेघ, तिथून खाली दुसरी. जादा त्वचा काढून स्तनाग्र वर घेतात. आकार वाढत नाही. व्रण फिके होतात, पुसले जात नाहीत. संवेदना कमी होऊ शकते, दूध पाजायला अडचण येऊ शकते, बाळंतपणानंतर पुन्हा ओघळू शकतं. "मूल हवं असेल तर थांबा."

"मग हे तुमच्या फोटोंखाली का छापत नाही?" मावशीने विचारलं.

डॉक्टरांनी कागदाची घडी करून भाचीच्या हातात दिली.

रस्त्यावरही मावशीच्या तोंडाचा पट्टा चालूच. "काही नको करून घेऊस. आहे ते छान आहे."

भाची थबकली. "मावशी, त्या बाईने मला काही विचारलं नाही. तू तरी कुठे विचारतेयस?"

मावशीने मग विचारलं, "बरं, तुला काय हवंय?"

तीन वर्षांनी, धाकट्याचं दूध सुटल्यावर, भाचीने दुसऱ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करून घेतली. हात वर होईनात, म्हणून मावशीने पुढून हुक लावायचे सैल सदरे शिवले. व्रण राहिले, भाचीला ते ठाऊकच होतं. कातडी सोलवटायची मात्र थांबली.

हल्ली दुपारच्या सुट्टीत मावशी कारखान्यातल्या बायकांना खडूने चित्र काढून सगळं समजावते. गोष्ट सल्लागार बाईपाशी आली की रागाने खडू मोडतो.